आत्याला पक्षी हवेत

आत्याचा पाय झपाट्याने सुधारतोय, असं फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. फक्त दाखलेवाल्यांचं तोंड उतरलं.

आता कुणी म्हणेल, काय हा माणूस, सख्खी आत्या बरी होतेय आणि याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. पण दाखलेवाले माणूस वाईट नव्हते. चिंता करणारे होते, एवढंच. काही लोकांना उठल्याउठल्या चहा लागतो तशी त्यांना चिंता लागायची, आणि घरात शिल्लक नसली तर ते शेजारून मागून आणायचे. रहिवासी दाखले देण्याच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणून सोसायटीत त्यांना दाखलेवालेच म्हणत. समोरचा माणूस इथलाच आहे हे कागदोपत्री सिद्ध होईपर्यंत तो इथला नाही, असं धरून चालायची त्यांना सवय. आत्या मात्र त्यांना बाळ म्हणायची. बाळाला आता वाचायला एक आणि लांबचं बघायला दुसरा असे चष्मे लागत होते, पण आत्याने त्याची दखल घेतलेली नव्हती.

आत्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेली मेट्रन. दुसऱ्या गावात स्वतःच्या घरात एकटी राहायची. मागच्या अंगणात पाय घसरून पडली, घोट्याचं हाड मोडलं, आणि दूधवाला येईपर्यंत तशीच पडून राहिली. आईच्या मागे दाखलेवाल्यांना तिनेच वाढवलेलं. बातमी कळल्याबरोबर ते धावत गेले आणि तिला, तिच्या प्लास्टरला आणि तिच्या सूचनांना गाडीत घालून घेऊन आले. यांचं घर तळमजल्यावरचं. मागे ओटा, आणि ओट्यापुढे सोसायटीच्या भिंतीपर्यंत मातीची एक पट्टी. आत्याची खाट त्या बाजूच्या खिडकीशी लावली. तिने दिवसभर बाहेर बघितलं आणि संध्याकाळी निकाल दिला.

"बाळ, इथे एक पक्षी नाही."

"असतात गं आत्या. आज रविवार आहे."

"पक्ष्यांना रविवारची सुट्टी असते हे मला माहीत नव्हतं. माझ्या अंगणात सकाळी खिडकी उघडली की कान किटतात, इतके पक्षी. इथे बघायचं काय, ती भिंत? प्लास्टर निघेल, मग वॉकर येईल, तोही सुटला की मी आपल्या घरी जाणार."

"आणि तिथे पुन्हा पडलीस तर?"

"पडेन. माझं अंगण आहे."

"आणि इथे पक्षी आले तर?" दाखलेवाले बोलून गेले.

आत्याने त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "आले तर राहीन. बोलव त्यांना."

झालं. मेट्रनचा शब्द तो शब्द. तिने एकदा डिस्चार्ज म्हटलं की पेशंट रडला तरी घरी जायचा. त्या दिवसापासून घरात शर्यत लागली, एका बाजूला आत्याचा पाय आणि दुसऱ्या बाजूला पक्षी. पाय आधी बरा झाला तर आत्या त्या रिकाम्या घरात जाणार, पुन्हा घसरणार, आणि दूधवाला नेमका त्याच दिवशी सुट्टीवर असणार, हे दाखलेवाल्यांना उघड्या डोळ्यांनी दिसायचं. दूधवाल्याची रजा त्यांनी मनातल्या मनात मंजूर करून टाकली होती.

प्लास्टर निघालं आणि वॉकर आला. तो फ्रिज आणि कपाट यांच्यामधून आत जाईना. कपाट सरकवलं तर बाथरूमचं दार उघडेना. शेवटी असं ठरलं, की घरात आत्याने भिंतीला, टेबलाला नाहीतर दाखलेवाल्यांच्या बायकोच्या खांद्याला धरून चालायचं, आणि वॉकर मागच्या ओट्यावरच ठेवायचा. दुपारी ऊन उतरलं की तो घेऊन ओट्यावर फेऱ्या मारायच्या आणि झाल्या की घडी घालून खुंटीला अडकवायचा. वस्तू वापरली की जागच्या जागी, हा तिचा वॉर्डातला नियम होता. दुपारी दाखलेवाले कचेरीत आणि त्यांची बायको शाळेत शिकवायला गेलेली असायची, त्यामुळे चौकशी संध्याकाळी व्हायची.

"आत्या, आज फेऱ्या?"

"मारल्या."

"वॉकर सोडून बघितलंस?"

"छे रे. त्याच्याशिवाय एक पाऊल टाकवत नाही."

"अरेरे," दाखलेवाले म्हणायचे, आणि चेहरा असा उजळायचा की बायको त्यांना स्वयंपाकघरात ओढून न्यायची. "निदान तोंड तरी पाडत जा हो. म्हातारं माणूस आहे, काय वाटेल त्यांना?"

पक्ष्यांचं काम त्यांनी आधी स्वस्तात उरकून बघितलं. कठड्यावर ताटलीत दाणे आणि वाडग्यात पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली चाटूनपुसून साफ. दाखलेवाले आनंदाने आत्याला उठवायला गेले, तर ती म्हणाली, मी जागीच होते, घूस होती. घुशीच्या मागावर मांजर आलं, आणि मांजर बघून आत्याच्या हिशोबात नसलेला जो एक कावळा भिंतीवर नेमाने बसायचा तोही जागा सोडून गेला. म्हणजे कामाला सुरुवात होण्याआधी होता तोही पक्षी हातचा गेला.

त्यांच्या कचेरीतल्या टायपिस्ट बाई सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन रानोमाळ हिंडतात असं सगळे हसून सांगायचे. दाखलेवालेही हसायचे. आता ते बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि घसा खाकरला.

"दाण्यांनी नाही येत," बाई टाइप करता करताच म्हणाल्या. "झाडं लावा. इथली. इथले पक्षी ज्यांना ओळखतात ती. अडुळसा लावा, धायटी लावा, रुई लावा. कामोणी आपोआप उगवते ती उपटू नका, तिची काळी फळं खायला येतात. गवताला बी धरू द्या. आणि औषध फवारायचं नाही. पिल्लांना आळ्या लागतात."

"आळ्या," दाखलेवाले म्हणाले.

"आळ्याच. पक्षी काय फुलं बघायला येतात की काय? पान खाल्लेलं दिसलं की समजा, काम चालू झालं."

बाकी सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं, पण 'इथली' हा शब्द ऐकला आणि अंगात बळ आलं. आतापर्यंत ते दुसऱ्याच्या खात्यात लुडबुडत होते. इथलं कोण आणि बाहेरचं कोण, हा तर त्यांचा स्वतःचा विषय. त्यांनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि मातीच्या पट्टीत उभं राहून, एका चष्म्यातून पुस्तक आणि दुसऱ्यातून आजूबाजूची झाडं बघत, छाननी सुरू केली.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहायचे. दिवसभर गॅलरीत. खाली कधी उतरायचे नाहीत, पण खालच्या प्रत्येक कामात त्यांचा सल्ला असायचा. त्यांना सगळे गॅलरीवाले म्हणत. ते कठड्यावरून वाकले.

"घाणेरी लावा. बघता बघता वाढते. पक्षी म्हणाल तर थव्याने."

"ती इथली नाही. बाहेरून आणलेली आहे."

"काहीतरीच काय. माझ्या आजोळी कुंपणभर होती."

"तुमच्या आजोळी असेल. तिचं आजोळ कुठलं, ते बघावं लागतं."

"बरं मग पेरू लावा."

"बाहेरचा."

"पपई?"

"तीही."

गॅलरीवाल्यांचा आवाज जरा बारीक झाला. "मिरची?"

दाखलेवाल्यांनी पान उलटलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "मिरचीसुद्धा. समुद्रापलीकडून आलेली."

मग गॅलरीवाल्यांनी बटाट्याचं विचारलं, आणि दाखलेवाल्यांनी नुसती मान हलवली. एवढ्या वयात माणसाला असा धक्का देऊ नये. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, असं नंतर त्यांच्या घरून कळलं.

नर्सरीवाल्याकडे तर घोडंच अडलं. "रुई? साहेब, लोक रुई काढून टाकायला बोलावतात मला. लावायला आजवर कुणी मागितली नाही." मग त्याने एक परदेशी ताड दाखवला, आणि ताडाला गिऱ्हाईक वळत नाही बघून चिनी मातीचा एक पोपट पुढे केला. "हा बसवा कुंडीत. खत नको, पाणी नको, उडून जायची भानगड नाही." दाखलेवाल्यांनी पोपट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. आत्याला खिडकीतून कितपत स्पष्ट दिसतं, याचा त्यांनी विचारही केला. मग स्वतःचीच लाज वाटून पोपट खाली ठेवला.

बस डेपोच्या मागे सरकारी मोकळी जागा होती आणि पुस्तकातली सगळी मंडळी तिथे आपापली उगवून उभी होती. पण दाखलेवाले कायद्याने चालणारे. परवानगीशिवाय पानाला हात लावणार नाहीत. ते उद्यान विभागात गेले.

"झाड तोडायची परवानगी मिळते," तिथला कारकून म्हणाला. "लावायची मिळते. एकीकडून काढून दुसरीकडे लावायचीही मिळते, पण ते झाड पाहिजे. तुमचं काय आहे?"

"झुडपं आहेत."

"म्हणजे तण. तण आमच्याकडे येत नाही, स्वच्छता विभागात जा."

स्वच्छता विभागाने सांगितलं, की आम्ही तणाचा नाश करतो, ते जिवंत देण्याची आमच्याकडे सोय नाही. तरीही पाहिजेच असेल तर उद्यान विभागाकडून ते झाड असल्याचं लिहून आणा. दाखलेवाले परत उद्यान विभागात गेले तर साहेब जागेवर नव्हते. "उद्या या," कारकून म्हणाला. हे दोन शब्द दाखलेवाल्यांनी नोकरीभर दुसऱ्यांना ऐकवले होते. स्वतः ऐकल्यावर ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, आणि शिपायाने इथे बसू नका म्हटल्यावर उठले.

त्याच संध्याकाळी फिजिओथेरपीवाल्या बाई आत्याचा घोटा फिरवून म्हणाल्या, "वा. थोडेच आठवडे आता. मग वॉकर काढून टाकू." कायद्याचं पुढे काय करायचं, हा प्रश्न तिथेच मिटला.

सुट्टीच्या दिवशी उजाडल्या उजाडल्या दाखलेवाले पोतं आणि खुरपं घेऊन डेपोच्या मागे गेले. अडुळशाची दोन रोपं मुळासकट निघाली. धायटीने जरा झगडा केला. रुईचा चीक शर्टाच्या बाहीवर सांडला. गुडघ्यापर्यंत माती झालेली असताना मागून आवाज आला.

"काय पुरताय?"

डेपोचा पहारेकरी होता.

"पुरत नाहीये. काढतोय."

"म्हणजे आधी पुरलं होतंत."

या युक्तिवादाला तोड नव्हती. दाखलेवाले खुलासा करू लागले, पण पक्षी, आत्या आणि आळ्या या तीन गोष्टी एका वाक्यात घेतल्या की खुलासा कुणालाच पटत नाही. चहाचे पेले हातात घेऊन ड्रायव्हर-कंडक्टर जमा झाले. त्यातला एक ड्रायव्हर पुढे आला, निरखून बघू लागला, आणि दाखलेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे तर दाखलेवाले साहेब. मला म्हणाले होते, तू इथलाच याला पुरावा काय? आईला घेऊन गेलो तर म्हणाले, आई चालत नाही, कागद पाहिजे." त्याने पेल्यातला चहा संपवला. "तर साहेब, हे झाड तुमचं, याला पुरावा काय?"

लोक हसले. दाखलेवाल्यांनी अंगाला लागलेली माती झटकली, म्हणजे एका ठिकाणची दुसरीकडे लावली. त्यापेक्षा वाईट पुढे झालं. ड्रायव्हरने त्यांची दया येऊन पोतं स्वतः उचललं, रिक्षात ठेवलं, आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "सांभाळून ने बाबा, साहेबांची तब्येत ठीक दिसत नाही."

झाडं लागली. बाग झाली असं मात्र कुणी म्हणालं नसतं. महिनोन्महिने साफ न केलेली जागा दिसते तसं ते दिसत होतं. सोसायटीचे चेअरमन दातांचे डॉक्टर होते, आणि वाकडंतिकडं उगवलेलं काहीही बघितलं की त्यांचा हात शिवशिवायचा.

"हे काय उगवलंय?"

"लावलंय," दाखलेवाले म्हणाले.

"मुद्दाम?"

"पक्ष्यांसाठी. आत्याला..."

"साप येतील. एक किडकं ठेवलं की शेजारची किडतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. काढून टाका. कमिटी पाहणी करेल."

चेअरमनची इच्छा सोसायटीच्या माळ्याच्या कानावर गेली आणि तो बिचारा दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. दाखलेवाले संध्याकाळी घरी आले तर पट्टी नुकतीच दाढी केल्यासारखी गुळगुळीत, आणि माळी शाबासकीसाठी हसत उभा. दाखलेवाल्यांनी बॅग तिथेच टाकली आणि कचऱ्याच्या गाडीमागे पळत सुटले. गाडीवाला थांबला. कचेरीच्या कपड्यांतला माणूस कचऱ्यात हात घालून झुडपं निवडतोय, हे त्याने बराच वेळ बघितलं आणि मग सहानुभूतीने विचारलं, "काका, घरी भांडण झालं का?" अर्धीअधिक रोपं परत मिळाली. ती पुन्हा लावली, त्यांना रोज पाणी घातलं, आणि अडुळशाने तेवढा मान ठेवला. त्याला पांढरी फुलं आली.

मग पानांना भोकं पडायला लागली. "आळ्या आल्या," दाखलेवाल्यांनी बायकोला सांगितलं. माहेरची माणसं आली तरी त्यांचा चेहरा एवढा फुलत नसे. पण चिंता करणाऱ्याला आनंद पचत नाही. आळ्या पुरतील का, पुरून उरल्या तर झाड राहील का, झाड गेलं तर पक्षी कशाला येतील, असं एकातून एक निघत गेलं. एका सकाळी ते कचेरीला निघाले असताना वरून बारीक तुषार पडायला लागले. वर गॅलरीवाले फवारणीचा पंप घेऊन उभे होते.

"पानं खाल्लीत तुमची," ते आपुलकीने म्हणाले. "तुम्हाला कशाला त्रास, म्हटलं मीच वरून मारतो औषध."

दाखलेवाले छत्री घेऊन धावले. गॅलरीवाल्यांना थोडं कमी ऐकू यायचं. त्यांचा हातपंप थांबून त्यांना सगळं समजेपर्यंत दाखलेवाले अडुळशावर छत्री धरून स्वतः बाहेर भिजत उभे होते. येणारेजाणारे थांबून बघत होते. बायकोने त्यांना ओट्यावरच नळाखाली उभं केलं आणि त्या दिवसाची रजा पडली. आत्या खिडकीतून सगळं बघत होती. त्याचंच त्यांना जास्त लागलं.

एवढं करून पक्षी? पक्षी नाही. दाखलेवाले सकाळी निघायच्या आधी पाहायचे, आल्यावर पाहायचे. झाडांकडे डोळे लावून मान अवघडायची.

"आज एखादा तरी दिसला का गं?"

"मला नाही बाई दिसला," आत्या म्हणायची आणि पांघरुणाची घडी घालायला घ्यायची. हल्ली तिची कुरकुर थांबली होती. सकाळी लवकर उठून खिडकीशी बसायची, चहा गार झाला तरी तक्रार करायची नाही. घरी जायचं ठरलं म्हणून माणूस कसं खूश होतं, असं दाखलेवाल्यांच्या मनात आलं आणि ते ताटावरून उठले.

पुढे सगळं एकदमच आलं. फिजिओथेरपीवाल्या बाई म्हणाल्या, सोमवारी येते, आत्यांना वॉकरशिवाय चालवून बघू आणि माझं काम संपलं. चेअरमननी निरोप धाडला, रविवारी सकाळी कमिटी पाहणीला येतेय. म्हणजे रविवारी झाडं जाणार आणि सोमवारी आत्या.

रविवारी दाखलेवाल्यांनी निदान ओटा तरी लख्ख करायचा असं ठरवलं. ओटा स्वच्छ दिसला तर कमिटीचं मन थोडं विरघळेल, अशी एक आशा. झाडत झाडत ते खुंटीपाशी आले. तिथे आत्याचा वॉकर घडी घालून अडकवलेला, आणि त्याच्या खालच्या दांडीला कसलातरी कचरा लोंबत होता. वाळकी पानं, सालीचे तुकडे, कोळ्याची जाळी, कागदाचे कपटे, सगळं एकात एक गुंतलेलं. आत्यासारखी टापटिपीची बाई आणि तिच्या वॉकरवर ही जळमटं? सोसायटीची काय हालत केलीय, असं कमिटीवाले म्हणतील. त्यांनी झाडू उचलला.

कचऱ्याला बाजूला एक भोक होतं. त्या भोकातून एक बारीक वाकडी चोच बाहेर आली, आणि चोचीमागे एक डोळा. डोळ्याने दाखलेवाल्यांकडे बघितलं.

दाखलेवाले होते तसे राहिले. झाडू खाली आणावा तर आतला जीव घाबरून उडेल, वर धरावा तर हात भरून येतोय. श्वास घ्यावा की नाही, हेही ठरेना. पक्षी आला होता. त्यांच्या ओट्यावर येऊन, घर बांधून, आत बसला होता. आणि हे कुणाला ओरडून सांगायची सोय नव्हती.

तेवढ्यात कमिटी आली. पुढे चेअरमन, मागे दोघंतिघं, सगळ्यात मागे कोयता घेतलेला माळी.

"हां, छान, सुरुवात तिथूनच करा," चेअरमन म्हणाले. "तो कचरा आधी काढा."

दाखलेवाल्यांनी डोळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. चेअरमनना ते समजलं नाही. त्यांचे सगळे पेशंट तोंड उघडं टाकून डोळ्यांनीच बोलतात, आणि तिकडे लक्ष द्यायचं नसतं असं त्यांना शिकवलेलं असावं. "काढायला काय लागतं," असं म्हणत त्यांनी वॉकरकडे हात नेला.

"हात मागे घ्या."

आवाज मोठा नव्हता. पण अख्खा वॉर्ड ज्या आवाजाने गादीवर सरळ होऊन बसायचा, तो होता. चेअरमनचा हात मागे गेला. आत्या दारात उभी होती. मग ती ओट्यावर आली, भिंतीला न धरता, कुणाचा खांदा न घेता, सरळ चालत, आणि चेअरमन व वॉकर यांच्या मधे उभी राहिली.

"शिंजीर आहे. अंड्यांवर बसलीय. पिल्लं उडेपर्यंत या बाजूला कुणी फिरकायचं नाही, आणि ती झाडं कुणी तोडायची नाहीत. तिचा नवरा तिथलाच मध पितो आणि पिल्लांना आळ्या तिथल्याच लागणार आहेत."

"पण किती दिवस?" चेअरमननी विचारलं. ते कुजबुजत होते.

"मी कळवीन."

कमिटी चवड्यांवर चालत परत गेली. वरून गॅलरीवाले काहीतरी सुचवणार होते. आत्याने एकदाच वर बघितलं आणि ते आत गेले.

"झाडू खाली ठेव, बाळ. हळू."

दाखलेवाल्यांनी झाडू ठेवला. आणि मग, नोकरीभर लोकांच्या कागदांतली खोट शोधलेलं ते डोकं जरा उशिराच का होईना पण चालू झालं. असं घरटं काही एका दिवसात होत नाही. एकेक काडी, एकेक धागा आणून विणायचा. आणि रोज खुंटीवरून निघून फेऱ्या मारणाऱ्या वॉकरवर कुठला पक्षी घर बांधेल? त्यांनी वॉकरकडे पाहिलं, मग आत्याच्या पायांकडे. दोन्ही पाय ओट्यावर घट्ट उभे होते.

"आत्या, फेऱ्या?"

"मारते की. रोज. ओट्यावरून खाली तुझ्या त्या अडुळशापर्यंत."

"आणि वॉकर?"

"तो केव्हाच सुटला."

दाखलेवाल्यांची बायको दारात येऊन उभी होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती चहा टाकायला आत गेली.

"मी तुला रोज विचारत होतो, एखादा तरी दिसला का," दाखलेवाले म्हणाले. त्यांना राग आला होता आणि तो हळू आवाजात करावा लागत होता. "माझा जीव टांगणीला लागला होता. तू नाही म्हणत होतीस."

"पक्षी दाखवला असता तर वॉकर दिसला असता तुला."

"मग दिसला असता. पक्षी आले तर राहीन, असं तूच म्हणाली होतीस ना?"

आत्या ओट्याच्या पायरीवर बसली. ती अडुळशाकडे बघत होती. तिथे एक काळसर, चकचकीत नर फुलात चोच घालून लोंबकळत होता.

"ते तोऱ्यात बोलले रे," ती म्हणाली. "मी तिथे पडले ना, सकाळची वेळ होती. हाका मारल्या. अंगण नुसतं भरलं होतं पक्ष्यांनी. बुलबुल होते, मुनिया होत्या, चिमण्या तर अगदी हाताशी येऊन टिपत होत्या. मी हाक मारली की उडायच्या, गप्प झाले की परत यायच्या. पक्षी खूप होते, बाळ. माणूस नव्हतं." तिने घोट्यावरून हात फिरवला. "मला तिकडे परत जायची भीती वाटते. आणि आयुष्यभर लोकांना म्हटलं, बरे झालात, उठा, घरी जा. मी कुठल्या तोंडाने सांगू, की मला इथेच राहू दे?"

दाखलेवाले तिच्या शेजारी बसले. त्यांना म्हणायचं होतं की एवढंच होतं तर नुसतं सांगायचंस. पण शब्दांऐवजी एक हुंदका निघाला, बऱ्यापैकी मोठा.

आत्याने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "रडायचं असेल तर घरात जाऊन रड," ती कुजबुजली. "ती उठेल अंड्यांवरून."